सावकार हात जोडून उभा

नोकरदार मराठी माणूस वीस वर्षांचं कर्ज काढतो, ते पैसे बिल्डरला विनातारण देतो आणि वर ‘वरच्या मजल्याचा फ्लोअर राइज तेवढा माफ करा ना’ म्हणून त्याच्यापुढे हात जोडतो. इतका गरीब सावकार सावकारीच्या इतिहासात झाला नसेल.

त्याला कर्ज देताना बँक काय काय बघते? सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, खात्याचा उतारा, सिबिल. कधीकाळी क्रेडिट कार्डाचे साडेतीनशे रुपये थकले असतील तर त्याचाही खुलासा द्यावा लागतो. आणि तोच माणूस बिल्डरच्या हवाली कोटभर रुपये करताना काय बघतो? सॅम्पल फ्लॅट!

पत जोखायची आपली स्वदेशी पद्धत आहे. साइट ऑफिसातला एसी किती गार, भूमिपूजनाला कुठल्या मालिकेतली नटी, पाडव्याची जाहिरात पहिल्या पानावर की आतल्या. रिसेप्शनला चार फुटी गणपती असला की प्रकल्पाची जोखीम शून्य. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग अनेकदा मुद्दाम आखूड केलेला असतो आणि खोल्यांना दारंच नसतात, म्हणून सगळं ऐसपैस दिसतं. पण पडद्याचं कापड चिमटीत धरून बघणारी मंडळी पलंगाला टेप लावत नाहीत.

खरी माहिती फुकट मिळते, हाच तिचा दोष. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्याच्यावर मोबाइल धरला की गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या महारेराचं पान उघडतं. ताब्याची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख, किती फ्लॅट विकले, जमिनीवर कुणाचा बोजा, कोर्टात किती दावे, सगळं तिथे. बहुतेक फ्लॅट विकले गेलेत आणि काम अजून प्लिंथवर, असं दिसलं तर पैसा कुठे गेला हे विचारायला सीए व्हावं लागत नाही. कायद्याप्रमाणे ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि आर्किटेक्ट, इंजिनीअर, सीए या तिघांच्या दाखल्यावर, कामाच्या प्रमाणातच काढायचे. पण आपला मोबाइल तेव्हा मॉड्युलर किचनसमोर सेल्फी काढत असतो.

होर्डिंगवर तीस वर्षांच्या नामांकित ग्रुपचं नाव असतं. करारनामा मात्र बऱ्याचदा गेल्या दिवाळीत बारसं झालेल्या, मर्यादित जबाबदारीच्या एलएलपीशी होतो. उद्या प्रकल्प बुडाला तर ग्रुप सुखरूप, दावा त्या तान्ह्या बाळावर.

‘पण बँकेनं प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय!’ हे आपलं ब्रह्मवाक्य. बँकेनं कागद तपासलेले असतात, हे खरं. पण तिचा हप्ता इमारतीतून येत नाही, तुमच्या पगारातून येतो. इमारत सातव्या मजल्यावर अडकली तरी ईएमआय कधी अडकत नाही.

सरकारला मात्र या सावकाराची ओळख पटली. २०१८ साली दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर घेणारा रीतसर ‘वित्तीय धनको’ ठरला. मग २०२० मध्ये अट आली: बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज घेऊन एकट्यानं यायचं नाही, त्याच प्रकल्पातले १०० धनको किंवा एकूण ग्राहकांतले १० टक्के गोळा करून आणा. महारेराकडून व्याजासह परताव्याचा आदेश मिळाला तरी बिल्डरनं तो पाळला नाही, तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. जप्तीला माणसं पोचेपर्यंत एलएलपीच्या नावावर दोन खुर्च्या आणि कॉफीचं मशीन उरलं, तर नशीब समजायचं.

तेव्हा येत्या रविवारी साइटवर गेलात आणि ‘काका, काही शंका?’ असं त्या टायवाल्या पोरानं विचारलं, तर पार्किंगचं काढू नका. म्हणावं, ‘बाळा, तुमच्या एलएलपीचा ताळेबंद दाखव. कर्ज किती, तारण काय ठेवलंय, आणि मागचे प्रकल्प किती उशिरा दिलेत?’ पोरगा मॅनेजरला बोलावेल. मॅनेजर कसनुसं हसून म्हणेल, ‘सर, असे प्रश्न आजवर कुणी विचारले नाहीत.’

साइट ऑफिसातलं हे एक वाक्य मात्र पुरावा न मागता खरं धरायला हरकत नाही.