नाझरसाहेबांचे प्रसूतिगृह

मारेगावात वणीच्या रस्त्याला लागून जी थोडी जुनी घरे उरली आहेत, त्यांपैकी एका घरातून दुपारी तीनच्या सुमारास एखाद्या स्त्रीच्या कण्हण्याचा, मागोमाग नवजात अर्भकाच्या रडण्याचा आणि त्यामागोमाग एका वृद्ध पुरुषाच्या ‘सुटली बिचारी!’ ह्या उद्गाराचा आवाज आला, तर नवख्या माणसाने रुग्णवाहिकेस पाचारण करण्याची घाई करू नये. त्या घरात कोणीही बाळंत झालेले नसते. बाळंतीण असते लंडन शहरातील पॉपलर वस्तीत, आणि सुटका झालेली असते ती वस्तुतः नाझरसाहेबांची.

नाझरसाहेबांचे जन्मनाव आता त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांखेरीज अन्यत्र आढळत नाही. तहसील कचेरीत लिपिक म्हणून ते रुजू झाले, अर्धे आयुष्य अभिलेखांच्या खोलीत रुमालांत बांधलेल्या दफ्तरांच्या सहवासात काढले, आणि अखेरीस नाझर होऊन, म्हणजे कचेरीतील खुर्च्या, सतरंज्या व तिजोरीची किल्ली ह्यांचे अधिपती होऊन, सन्मानाने घरी परतले. अशी माणसे एकट्या मारेगावास आहेत असे नव्हे. पांढरकवड्याला आहेत, राळेगावला आहेत, आणि जेथे जेथे तहसील कचेरी आहे तेथे तेथे, पोथीत मन रमत नाही आणि राजकारणावर बोलण्याची सवय नोकरीने मोडलेली, अशा अवस्थेत ती कोणत्या ना कोणत्या मालिकेच्या आश्रयाला गेलेली आढळतात. नाझरसाहेबांचे वैशिष्ट्य इतकेच की पुराणपुरुष, ऐतिहासिक सरदार आणि कारस्थानी सासवा ह्या सर्वांना वगळून त्यांनी आपली भक्ती वाहिली ती ‘कॉल द मिडवाइफ’ नामक विलायती सुईणींच्या मालिकेला.

पुण्यास असलेल्या कन्येने ती त्यांना प्रथम दाखवली. जेनिफर वर्थ ह्या परिचारिकेने तरुणपणी लंडनच्या पूर्व भागात सुईणपण केले आणि त्या दिवसांच्या आठवणी पुढे उतारवयात लिहून काढल्या. त्या आठवणींवर हायडी थॉमस ह्या लेखिकेने ही मालिका रचली, आणि मूळ बाई 2011 मध्ये निवर्तल्यावर थोड्याच महिन्यांनी, जानेवारी 2012 मध्ये, ती बीबीसीवर सुरू झाली. गोष्ट आरंभते 1957 सालात. गोदीवर राबणारी माणसे, गल्लीवर आडवे टाकलेले धुणे, एका मठात राहणाऱ्या जोगिणी व त्यांच्या हाताखालच्या तरुण परिचारिका, आणि रात्री-अपरात्री पिशवी अडकवून सायकलवरून निघालेली त्यांची स्वारी! बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकण्यासाठी पोटावर टेकवायचा तो लहानसा कर्णा पाहून नाझरसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘साधन साधे आहे, पण तपासणी कायदेशीर आहे.’’

मालिका इंग्रजी. नाझरसाहेबांचे इंग्रजी सरकारी मसुद्यांवर पोसलेले, त्यामुळे पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या अक्षरांतून जे हाती लागे त्याचा ते जमलेल्या शेजारणींसाठी मोठ्याने तर्जुमा करीत, आणि तो तर्जुमा हा मूळ कलाकृतीहून स्वतंत्र असा आनंदाचा विषय होता. वेदनांनी व्याकूळ झालेली एखादी बाई नवऱ्याच्या नावाने बोटे मोडू लागली, की नाझरसाहेब सांगत, ‘‘सदरहू बाई पतीविरुद्ध तक्रार दाखल करीत आहेत.’’ डॉक्टर येई, तेव्हा ‘‘वरिष्ठांनी समक्ष पाहणी केली.’’ आणि बाळ रडले, की चष्मा पुसत, किंचित दाटलेल्या स्वराने, ‘‘प्रकरण निकाली निघाले.’’ चमी नावाची धिप्पाड व भिडस्त परिचारिका सायकल शिकता शिकता एका शिपायाला आडवे करते आणि कालांतराने त्याच्याशीच विवाह करते, ह्या कथाभागावर त्यांचे मत असे पडले की नुकसानभरपाईचा इतका सामोपचाराचा निवाडा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मोनिका जोन नावाच्या अतिवृद्ध, विसराळू व केकच्या बाबतीत निःसंशय लबाड अशा जोगिणीवर बाजारातून वस्तू लांबवल्याचा मुकदमा चालला, तेव्हा तर ते दोन दिवस तिच्या वतीने कैफियत मांडीत फिरत होते. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानदाराने भीतभीत विचारले, की आपल्या गावातली कोण म्हातारी पकडली?

नाझरीणबाईंचा ह्या प्रकाराशी संबंध चहापुरता. 2012 सालीच सुरू झालेली ‘उंच माझा झोका’ त्यांनी एकही भाग न चुकवता पाहिली होती, आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईंनी 1909 साली पुण्यात सेवासदन काढून बायकांना परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले हे त्यांना नाझरसाहेबांइतकेच ठाऊक होते. त्यामुळे विलायतेच्या जोगिणींचे अप्रूप त्यांना नव्हते. शिवाय तीन बाळंतपणे स्वतःच्या देहावर काढलेल्या स्त्रीला चौथे दुपारच्या झोपेच्या वेळी पाहण्याची हौस का असावी, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

नाझरसाहेबांनी मात्र मालिकेसाठी एक नोंदवही उघडली होती. लांब, लाल पुठ्ठ्याची, पट्टीने रकाने आखलेली: अनुक्रमांक, दिनांक, प्रसूत स्त्रीचे नाव, अपत्य स्त्री की पुरुष, शेरा. प्रत्येक भागात जन्मलेले प्रत्येक मूल तीत दाखल होई. जुळे झाले तर दोन ओळी. मृत जन्मले तर लाल शाई. थॅलिडोमाइड ह्या औषधामुळे हातपाय खुंटलेली मुले जन्मू लागली, त्या भागाच्या शेऱ्यात ‘चौकशी आवश्यक’ असे अधोरेखित वाक्य मी स्वतः वाचले आहे. बार्बरा नावाची हसरी, गोड परिचारिका रक्तात विष भिनून भर तारुण्यात मरण पावली, त्या संध्याकाळी नाझरसाहेब जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. ‘‘आता तिसऱ्याला राख सावडायले लंडनला जाता का?’’ असे नाझरीणबाईंनी विचारले. पण विचारताना वाढलेले ताट त्यांनी झाकून ठेवले होते.

ह्या प्रेमाचे मूळ कशात असावे, ह्याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. गतकाळाची ओढ म्हणावे, तर नाझरसाहेब भोळे नव्हेत. सुनेचे दिवस भरत आले तेव्हा सुईण, सायकल आणि गरम पाण्याचे पातेले ह्यांची स्तुती आटोपती घेऊन, पहिली कळ येण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी मोटार ठरवली, मोटारवाल्याचा जबाब घ्यावा तशी त्याची उलटतपासणी केली, आणि यवतमाळच्या रस्त्यावरील खड्ड्यांची यादी त्याच्याकडून वदवून घेतली. ज्या काळाचे दर्शन दुपारी डोळे भरून घ्यावे त्या काळात स्वतःच्या नातवाला जन्मू द्यायचे नाही, हा विवेक त्यांच्यापाशी शाबूत होता, आणि त्याबद्दल त्यांना कोणी हसू नये.

उलगडा झाला तो कोतवाल बुकावरून. आपल्या विदर्भात गावोगावचे जन्ममृत्यू पूर्वी कोतवाल बुकात चढत. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दाखल्यांच्या पडताळणीसाठी 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आजही शेकडो माणसे आजोबा-पणजोबांच्या जन्माची एक ओळ शोधीत तहसिलीच्या दारात उभी असतात. ज्या जिल्ह्याचे नाव 1905 पर्यंत यवतमाळ नसून वणी होते, त्या जिल्ह्याची ती पिवळी, कोपरे झडलेली पाने नाझरसाहेबांनी वर्षानुवर्षे उलटली, त्यांच्या नकला उतरल्या, रुजवात घेतली. त्या ओळीत असते काय? बापाचे नाव, त्याची जात, तारीख, आणि ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’. पुष्कळदा बाळाचेही नाव नसते. आईचे बहुधा नसतेच. हजारो जन्म ह्या गृहस्थाच्या बोटांखालून गेले, आणि एकाही जन्माच्या खोलीत त्याला कोणी शिरू दिले नाही. थोरला मुलगा सासुरवाडीस, पांढरकवड्याला झाला. ती वार्ता पोस्टकार्डाने आली. धाकटा यवतमाळच्या दवाखान्यात, बंद दाराआड. मधली कन्या मारेगावात ह्याच घरात झाली खरी. पण त्या दिवशी, असे ते सर्वांना सांगत, मार्चअखेरच्या हिशेबामुळे त्यांना कचेरी सोडता आली नव्हती. सटवाई पूजनाला कोरा कागद आणि लेखणी मात्र त्यांच्याच टेबलावरून गेली. कपाळावरची नोंद करणारी ती सनातन लिपिक बाळंतिणीच्या खोलीत खुशाल जाते, आणि खुद्द नाझर ओट्यावर! हे शल्य मार्चअखेरच्या त्या वाक्यात होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

गेल्या हिवाळ्यात, कापूस वेचणी जोरात असता, एका कोलाम पोडावरची म्हातारी सुईण नातवाच्या पडताळणीचे कागद वाचून घ्यायला त्यांच्याकडे आली. मी तेथे होतो. पडद्यावर कोणीतरी अडली होती. म्हातारी उंबऱ्याशी टेकली आणि काही वेळ शांतपणे, एखाद्या जुन्या पैलवानाने पोरांची कुस्ती पाहावी तशी, पाहत राहिली.

‘‘बाईले आडवी काहून पाडली वं?’’ ती नाझरीणबाईंकडे वळून म्हणाली. ‘‘उकिडवी बसवा न तिले. धरायले दोर द्या. लेकरू आपल्या वजनानं खाली येते.’’

नाझरसाहेबांनी घाईघाईने खुलासा केला, की तिकडची पद्धत निराळी. म्हातारीने तो ऐकला, पण दाखल करून घेतला नाही. ‘‘अन् हे पोरगी सायकलवर येते. मले सायकल भेटली असती तं माह्ये गुडघे शाबूत रायले असते, काकाजी.’’

बाळ रडले. परिचारिकेने हात धुतले, वही काढली आणि लिहू लागली.

‘‘थे काय लिवते?’’

‘‘नोंद करते. कोणाला काय झाले, किती वाजता, कोणी सोडवले.’’

‘‘सोडवणारीचं नाव लिवते?’’ म्हातारीने हातातल्या कोतवाल बुकाच्या नकलेकडे पाहिले, जणू इतका वेळ वाचून दाखवलेल्या त्या कागदात काही वाचायचे राहून गेले असावे. ‘‘याच्यात हाय का माह्या आजीचं? माह्या बापाले तिनंच सोडवलं होतं.’’

नाझरसाहेबांनी मालिका थांबवली. ही गोष्ट त्या घरात पूर्वी कधी घडली नव्हती. पडद्यावर परिचारिका लेखणी वर धरून तशीच ताटकळली. त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही घेतली, ती उलटी करून मागच्या बाजूने एक कोरे पान काढले, पट्टीने रकाने आखले, आणि अपत्याच्या रकान्यापुढे एक नवीन रकाना पाडून त्यावर ‘सुईणीचे नाव’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले. मग कचेरीत पक्षकाराला बसवीत तशी त्यांनी म्हातारीला खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही, खुर्चीच्या पायाला टेकून खाली बसली.

‘‘सांगा. आठवतील तितकी. अनुक्रमांक एक.’’

म्हातारीला साल ठाऊक नव्हते. पूर, दुष्काळ आणि कोणाच्या बैलजोडीची विक्री अशा खुणांवर ती आयुष्य मोजीत होती. तिने डोळे मिटले, बोटाची पेरे चाचपली आणि म्हणाली, ‘‘पयले तुमचीच मधली लिवा. पोळ्याची कर होती थे दिवशी.’’

‘‘कर?’’ नाझरीणबाई चहाचा कप घेऊन दारातच थांबल्या. ‘‘हे तं मार्चअखेर सांगत असते.’’

‘‘कायचा मार्च! गावात बैलायचे झुलं अजून उतरले नव्हते. अन् हे काकाजी मांगच्या कोठ्यात सायकल उलटी करून बसले होते. चेन काढे, घाले, काढे, घाले. पोरगी रडली तवा चेन हातातच. तसेच काळे हात घेऊन खिडकीशी आले, म्याच हाकललं.’’

दिनांकाच्या रकान्यात नाझरसाहेबांनी ‘पोळ्याची कर’ लिहिले, सुईणीच्या रकान्यात म्हातारीचे संपूर्ण नाव विचारून लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्याशी आल्यावर लेखणीचे टोपण दातांत धरून बराच वेळ बसून राहिले.