कॅमेरा जपण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रयोजन

कॅमेऱ्याला सर्वांत मोठा धोका फोटो काढण्यापासून असतो. फोटो काढायचा म्हटलं की कॅमेरा उघड्यावर येणार, त्याला ऊन-वारा-धूळ लागणार आणि शेजारचा माणूस ‘बघू जरा’ म्हणत हात पुढे करणार. शिवाय प्रत्येक फोटोगणिक शटर झिजतं ते वेगळंच. निकॉन डी८५० चं शटर २ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, कॅनन १डीएक्स मार्क ३ चं ५ लाखांपर्यंत. कव्हरातून बाहेरच काढलं नाही, तर ही दोन्ही शटरं अमर आहेत. हे साधं गणित कॅमेरे विकणारे कधी सांगत नाहीत, म्हणून ही मार्गदर्शिका.

कॅमेरा रोज सोबत असावा, पण त्यावर ओरखडाही उठू नये, अशी ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी ती लिहिली आहे. ज्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो, त्यांना पुढचं बरंचसं आधीच ठाऊक असेल. त्यांनी उजळणी म्हणून वाचावं.

कव्हराची निवड

कव्हरं मुख्यतः चार जातींची असतात.

पहिली जात चामडी. मूळ नाव ‘एव्हर-रेडी केस’, म्हणजे सदैव सज्ज. लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला, त्यानंतर ३५ मिमी फिल्मचे छोटे कॅमेरे जगभर गेले आणि ही कव्हरंही त्यांच्यासोबत घरोघर पोचली. आपल्याकडे बडोद्यात बनणाऱ्या आगफा क्लिक थ्रीच्या तपकिरी कव्हरावर एका पिढीने बटण उघडण्याचा सराव केला. १२० च्या रोलमध्ये फोटो मिळायचे १२, पण कव्हराचं बटण कितीही वेळा उघडून लावता यायचं. ज्यांना फोटोंची घाई होती असे छायाचित्रकार या केसला ‘नेव्हर-रेडी’ म्हणू लागले. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

या कव्हराचा खालचा अर्धा भाग कॅमेऱ्याच्या बुडाशी, ट्रायपॉडच्या भोकात, स्क्रूने आवळलेला असतो. वरचा भाग पुढे लोंबतो. वारा सुटला की तो लेन्ससमोर येतो. यॅशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघतच नाही, त्यामुळे लेन्ससमोर चामडं असो की कॅप, बघणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं. ३६ फोटो धुऊन आल्यावर कव्हराने आपलं काम किती चोख केलं ते कळतं. रोल बदलायचा तर स्क्रू काढून आख्खं कव्हर उतरवावं लागतं. लग्नात अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी रोल संपला, तर सप्तपदीपर्यंत थांबण्याची विनंती भटजींना आधीच करून ठेवावी.

दुसरी जात निओप्रीनची. पाणबुडे ज्याचे कपडे घालतात तेच हे रबर. मऊ असतं, ओरखडे वाचवतं आणि कॅमेऱ्याला बनियनसारखं चापून बसतं. हे कव्हर एकाच लेन्सच्या मापाचं असतं. लेन्स बदलली की ते बसत नाही, म्हणून लेन्स बदलू नये.

तिसरी जात हाफ केस. ही फक्त बूड झाकते, म्हणजे कॅमेऱ्याचा जो भाग कुणीच पाहत नाही तो जन्मभर नवा राहतो. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत बॅटरी आणि कार्ड बुडातूनच घालायची असतात. कव्हराला त्या जागी खिडकी नसेल, तर बॅटरी संपल्यावर नाणं शोधून स्क्रू फिरवायचा. निसर्गदृश्य असेल तर ते थांबतं. नातेवाईक थांबत नाहीत.

चौथी आणि सर्वश्रेष्ठ जात हार्ड केस. पेलिकन ही अमेरिकी कंपनी १९७६ पासून असल्या पेट्या बनवते. आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा राखायला त्यांत झडप असते. विमानात नेण्याच्या मापाची १५१० ही पेटी पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास राहिली तरी आत थेंब जात नाही. विरार लोकलमध्ये उपयोगी पडणारा गुण आहे, विशेषतः जुलैत. पेटीचं वजन आत फोम न घालताही साडेपाच किलोच्या आसपास. देशांतर्गत विमानात हातातलं सामान बहुतेक ठिकाणी ७ किलोचं चालतं. उरलेल्या दीड किलोत कॅमेरा आणि एक लेन्स बसवावी, चार्जर यजमानांकडे मागावा. रोज ऑफिसला ही पेटी नेल्यास खांदा उतरतो, मात्र उभ्याने प्रवास करावा लागत नाही. पेटीवर बसता येतं. आत काहीतरी महागडं आहे ही वार्ताही ती सगळ्या डब्याला आपणहून देते, म्हणजे चोराला चुकीची बॅग उचलण्याचा त्रास पडत नाही.

बॅग हा या सर्वांचा संयुक्त प्रकार आहे. चांगल्या कॅमेरा-बॅगेच्या तळाच्या कप्प्यात पावसाळी कव्हर घडी घालून ठेवलेलं असतं. म्हणजे कॅमेऱ्याला कव्हर, त्याला बॅग आणि बॅगेला कव्हर. पावसाळी कव्हर हरवू नये म्हणून त्याला एक छोटी पिशवी द्यावी.

प्रत्यक्ष कृती

आता फोटो काढायची वेळ आलीच, तर विधी कसा करावा ते पाहू. स्थळ दादर पश्चिमेचा फुलबाजार, वेळ पहाटेची. झेंडूची करंडी डोक्यावर घेऊन एक हमाल समोरून येतो आहे. गळणाऱ्या पाण्याने त्याची भुवई ओली झाली आहे आणि कानामागे एक पाकळी चिकटली आहे.

१. दृश्य आवडल्यास घाई करू नये. घाईत कॅमेरे पडतात.

२. पाठीवरची बॅग पोटावर घ्यावी. मागच्या बाईंच्या हातातली केळीची पानं वाकली असल्यास माफी मागावी.

३. पावसाळी कव्हर काढावं आणि त्याच्या छोट्या पिशवीत भरावं. ते पुन्हा त्या पिशवीत मावत नाही. प्रयत्न करावा.

४. मोठी चेन उघडावी. आतल्या अस्तराचा दोरा जिथे सुटला आहे तिथे ती अडकेल. अशा वेळी चेन पुढे ओढू नये. थोडी मागे घ्यावी, दोऱ्याला शिवी द्यावी आणि मग पुढे न्यावी.

५. आतल्या कप्प्याचा वेल्क्रो उघडावा. त्याचा ‘चर्रर्र’ असा आवाज होतो आणि परिसरातील सर्व माणसं कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करू लागतात. नैसर्गिक भाव टिपण्याची आता चिंता उरत नाही.

६. निओप्रीन उतरवावं, लेन्सची कॅप काढून खिशात ठेवावी. कोणत्या खिशात, ते लक्षात ठेवावं.

७. कॅमेरा सुरू करावा. गेल्या वेळी कार्यालयात रिसेप्शनला लावलेला ६४०० आयएसओ तसाच असेल. तो उतरवावा.

८. फोटो काढावा. यात करंडीवाल्याची पाठ आणि आडवी आलेली एक छत्री येते. रचना वाईट नाही.

९. सर्व क्रिया उलट क्रमाने कराव्यात. लक्षात घ्या, कॅमेरा पडतो तो इथे. एका हातात कव्हर, बगलेत बॅग, कॅप तोंडात आणि कॅमेरा उरलेल्या तीन बोटांत. चेन अर्धीच लावून कुणी बॅग झटक्यात उचलली, तरी हाच परिणाम साधतो.

घरगुती प्रसंगी विधी तोच, फक्त संवाद जास्त.

“अरे, बाळ हसलं बघ! काढ, काढ!”

“हो गं आत्या, एकच मिनिट. स्क्रू निघत नाहीये.”

“झोपलं रे ते.”

अशा वेळी झोपलेल्या बाळाचा फोटो काढावा. बारशाच्या अल्बमात तो खपतो.

पावसाळी व्यवस्था

काही साधक कॅमेरा चामड्याच्या कव्हरात घालतात, कव्हर गोदरेजच्या कपाटात ठेवतात आणि जून ते सप्टेंबर कपाट उघडत नाहीत. हा मार्ग उत्तम फळ देतो. चामडं ओल धरून ठेवतं. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहिली आणि त्यात काळोख मिळाला, की लेन्सच्या काचेवर बुरशी उगवते. सुरुवातीला ती दिसत नाही. टॉर्च मारून लेन्समधून तिरकं बघितलं, तर काचेच्या कडेपासून निघालेले बारीक पांढरे धागे दिसतात, झाडाच्या मुळांसारखे फांद्या फुटलेले. फार दिवस राहिली तर ती काचेवरचं कोटिंग खाते, आणि बुरशी पुसली तरी तिची नक्षी तशीच राहते. कव्हराची पितळी बटणं एव्हाना हिरवी पडलेली असतात आणि आतला फोम जुना असेल, तर त्याचा चिकट भुगा होऊन कॅमेऱ्याला लागतो. कॅमेऱ्याला ओरखडा एकही नसतो.

याउलट काही उतावळे लोक कॅमेरा कव्हरातून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतात, शंभर-दोनशेचा आर्द्रतामापक लावतात आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवतात. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करतात. आठवड्यातून एकदा कॅमेरा उजेडात काढून वापरतात. त्यांच्या लेन्सवर काहीच उगवत नाही.

बंद बॅगेचा एक खराखुरा उपयोगही आहे, आणि तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. एसी गाडीतून कोकणातल्या दमट हवेत उतरल्यावर थंड काचेवर बाष्प धरतं. कॅमेरा बंद बॅगेत अर्धा तास तसाच ठेवला, तर तो हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो आणि काच कोरडी राहते. या अर्ध्या तासात चहा घ्यावा.

कोणाचा आदर्श ठेवू नये

या क्षेत्रात काही वाईट उदाहरणं घडून गेली आहेत. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी लायकाचा चकचकीत भाग झाकला खरा, पण काळ्या चिकटपट्टीने; आणि कॅमेरा हातातच ठेवला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला दिल्लीत साडी नेसून, जड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन सायकलवरून कामाला जायच्या. जिम डॉम्के हे फिलाडेल्फिया इन्क्वायररचे छायाचित्रकार. १९७० च्या दशकात त्यांना पेट्यांचा इतका कंटाळा आला की त्यांनी कॅनव्हासची एक मऊ झोळी शिवून घेतली. तिच्यात पॅडिंग अगदी बेताचं, हात घातला की कॅमेरा लागलीच हाताला यावा एवढाच उद्देश. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांत ती झोळी पुढे फार पसरली.

या मंडळींचे कॅमेरे घासले गेले, त्यांचे कोपरे उघडे पडले, काळ्या रंगाखालचं पितळ दिसू लागलं. बदल्यात त्यांना फक्त फोटो मिळाले.

शंका-समाधान

शंका: कॅमेरा रोज बाळगायचा आहे आणि फोटोही काढायचे आहेत. काय करावं?

समाधान: दोन्हींचा आग्रह धरणाऱ्यांसाठी आमच्याकडे शास्त्र नाही, फक्त व्यवहार आहे. लांब पट्टा तिरका, एका खांद्यावरून विरुद्ध कमरेपर्यंत घालावा. कॅमेरा कमरेशी राहतो, गर्दीत हात त्यावर ठेवता येतो. कॅपऐवजी लेन्सवर हूड लावून ठेवावं. दाराची धडक आधी ते खातं. रोजच्या ऑफिस-बॅगेतच एक पॅडेड इन्सर्ट ठेवावा, नाहीतर जुना पंचा चालतो. आमटीचा डबा आणि पाण्याची बाटली यांना मात्र वेगळा कप्पा द्यावा. कॅमेऱ्याचे शत्रू बाहेरून येतात हा समज चुकीचा आहे. बरेचसे त्याच बॅगेत प्रवास करत असतात.

शंका: अचानक पाऊस आला तर?

समाधान: हॉटेलात न्हाणीघरात ठेवलेली प्लॅस्टिकची टोपी खिशात असू द्यावी. कॅमेऱ्यावर चढवायला दोन सेकंद लागतात. दिसायला वाईट दिसते, पण फोटोत ती येत नाही.

शंका: मग हार्ड केस कुणी घ्यावी?

समाधान: ज्याचा कॅमेरा टेम्पोत, विमानाच्या पोटात किंवा जंजिऱ्याच्या होडीत प्रवास करतो त्याने. सामान एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवायला पेटी हवीच. दिवसभर अंगावर वागवायला पट्टा पुरतो.

विक्री

वरील नियम पाळले असतील, तर काही वर्षांनी कॅमेरा विकताना ‘अगदी नव्यासारखा, कव्हर आणि खोक्यासह’ असं अभिमानाने लिहिता येईल. तोवर त्या मॉडेलच्या पुढची दोन मॉडेलं येऊन गेलेली असतील. किंमत ओरखड्यांनी थोडी उतरते, तारखेने फार उतरते, आणि तारीख कुठल्याच कव्हराला जुमानत नाही.

घ्यायला बहुधा कॉलेजातला एखादा मुलगा येईल. तो शटर काउंट बघेल, पुन्हा बघेल, चालू आहे ना म्हणून विचारेल. पैसे देईल, स्क्रू फिरवून कव्हर उतरवेल आणि “काका, हे राहू दे तुम्हालाच” म्हणत तुमच्या हातात ठेवेल. मग कॅमेरा उघडाच खांद्याला अडकवून, दारातून वळून, कव्हर धरून उभ्या असलेल्या तुमचा एक फोटो काढेल.

तो फोटो त्याच्याकडून अवश्य मागून घ्यावा. त्या कॅमेऱ्याने वेळेवर काढलेला तुमच्या घरात तेवढा एकच असेल.