अफवाबाईंचे वतन

पाटीलकी गेली, कुलकर्णीपण गेले, देशमुखी लग्नपत्रिकेपुरती उरली; स्वराज्य आल्यावर आमच्या विधिमंडळाने जी वतने एकामागून एक खालसा केली त्यांची यादी चांगली लांबलचक आहे, परंतु त्या यादीत एका पुरातन वतनाचा उल्लेख करायचे आमचे कायदेपंडित साफ विसरले, आणि ते वतन म्हणजे श्रीमती अफवाबाईंचे. तान्ह्या बाळाला लस टोचायची म्हटली की पहिला मान त्यांचा. सरकारी परिपत्रक तालुक्याच्या कचेरीतून जावक क्रमांक घेऊन बाहेर पडेपर्यंत बाई गल्लीत पोचून, चहा घेऊन, पुढच्या गल्लीत गेलेल्याही असतात.

वतनाची सनद किती जुनी म्हणाल, तर १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल नावाच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली, त्याच साली लंडनात जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने लस घेतलेल्या माणसांच्या अंगांतून गाई उगवताना रंगवून ठेवल्या होत्या. पुढे १८८५ साली इंग्लंडातल्याच लेस्टर शहरात हजारो लोक लहान मुलाची शवपेटी आणि देवीच्या लशीचा जनक जेन्नर याची प्रतिमा मिरवीत सक्तीच्या लसीकरणाविरुद्ध रस्त्यावर उतरले. तेव्हा अज्ञानाचा मक्ता केवळ आपल्याकडच्या झोपडपट्ट्यांनी घेतला आहे असे समजून दिवाणखान्यात सुस्कारे टाकणाऱ्या सद्गृहस्थांनी आपला भ्रमणध्वनी एकवार उघडून पाहावा. सोसायटीच्या गटावर सुप्रभाताच्या फुलांखाली बाईंचेच खलिते पडलेले असतात.

तथापि या वतनाला खरी बरकत आली ती विद्वत्तेचा शिक्का मिळाल्यावर. १९९८ च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या मातबर वैद्यकीय नियतकालिकाने अँड्र्यू वेकफील्ड यांचा एक निबंध छापला आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची शंका जगाच्या कानात सोडून दिली. आधार काय, तर बारा मुले. लस बनवणाऱ्यांवर दावे ठोकू पाहणाऱ्या वकिलाकडून निबंधकर्त्याच्या पदरात पैसा पडत होता, हे ब्रायन डीअर या पत्रकाराने खणून काढले, आणि निबंध अखेर २०१० च्या फेब्रुवारीत मागे घेतला गेला, म्हणजे दर मुलामागे एक वर्ष या हिशेबाने विचार झाला असे म्हणायला हरकत नाही. पुढे २०१९ मध्ये डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून असा संबंध नसल्याचे पुन्हा एकदा सिद्ध करण्यात आले. पण साडेसहा लाख मुलांना चेहरा नसतो. अफवाबाईंचे मात्र नणंदेच्या जावेच्या एका भाच्यावर भागते.

आता प्रतिपक्षाचा, म्हणजे सरकारचा, कारभार पाहू. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम निघाली, तेव्हा ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे बजावण्यात आले. कोणत्या अफवांवर, आणि का ठेवू नये, हा तपशील बहुधा गोपनीय दप्तरात असावा. शाळेत मुलाला सुई टोचण्याआधी आईबापांना विचारावे, ही साधी रीत सांगायला तर जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला तसदी घ्यावी लागली. न विचारता केलेल्या उपकाराकडे माणूस संशयाने पाहतो, हे कोणताही सावकार सांगेल.

गोवर मात्र परिपत्रकही वाचत नाही आणि अफवाही ऐकत नाही. संरक्षण नसलेल्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, आणि त्याला अडवायचे तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. कोरोनाकाळात राहून गेलेल्या मात्रा आणि दारातून परतवलेल्या सिस्टर, या दोहोंचा हिशेब २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत गोवराच्या साथीने चुकता झाला. तो मुलांनी भरला. त्या ओळीवर विनोद करण्याची आमची छाती नाही.

बाईंचा पराभव झालेला एक मुलूख इतिहासात नमूद आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येते म्हणून दारे बंद होत. तेव्हा त्याच मोहल्ल्यातल्या बायका घरोघर फिरू लागल्या, मशिदीतले इमाम बोलू लागले, आणि ‘तापाला गोळी नाही, नळाला पाणी नाही, मग दोन थेंबांचीच एवढी माया का?’ हा लोकांचा सवाल निदान ऐकून घेण्यात आला. जानेवारी २०११ नंतर देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही.

असाच धोका बाईंना आता आमच्या पेठेत दिसू लागला आहे. येथील सिस्टर निळी पेटी खांद्याला लावून येतात, उंबऱ्यावर बसतात, आणि ‘ताप येईल, रात्री पोर किरकिर करील, टोचल्या जागी चोळू नका, अर्धा तास इथेच थांबा,’ असे आधीच सांगून टाकतात. परवा एका आजीने पेटीत काय आहे ते दाखव म्हणून हट्ट धरला, तर त्यांनी कुपी काढून हातात दिली, पातळ केलेली लस चार तासांनी फेकून का द्यावी लागते ते समजावले, आणि दुसऱ्या दिवशी पोराचा ताप पाहायला परत आल्या. आजींनी नातवाला तर टोचून घेतलेच, वर शेजारणीच्या दोघांना बखोटीला धरून आणले.

यावर अफवाबाईंनी वरिष्ठ कचेरीत रीतसर अर्ज गुदरला असून, सदर परिचारिकेच्या वर्तनामुळे आपल्या वंशपरंपरागत हक्कास बाध येत असल्याने तिला उंबऱ्यावर बसण्यास फुरसत राहणार नाही अशी तजवीज व्हावी, अशी विनंती केली आहे. सरकारदरबारी एवढ्या तत्परतेने निकाली निघालेला अर्ज आमच्या पाहण्यात नाही: सिस्टरना कालपासून चार नवी रजिस्टरे, दोन ॲप आणि शेजारच्या उपकेंद्राचा जादा कार्यभार देण्यात आला आहे.