पोटाचं वेळापत्रक

प्रस्तुत लेखकाला कसलाही आजार नाही, आणि पन्नाशीनंतर अशा माणसाला विचारतो कोण? त्यामुळे शास्त्रज्ञांना मुद्दाम निरोगी पोटं हवी असतात हे वाचलं, तेव्हा साकीनाक्यात एक छाती उगाचच फुगली.

या क्षेत्रातले पूर्वसूरीही थोर. 1969 मध्ये हिंटन आणि सहकाऱ्यांनी 25 धडधाकट पुरुषांना एक्स-रेत दिसणाऱ्या गोळ्या गिळायला दिल्या आणि त्या कधी बाहेर पडतात याची वाट पाहिली. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये 66 निरोगी माणसं आम्लता मोजून रेडिओने कळवणारी कॅप्सूल पोटात घेऊन आपापल्या कामाला लागली. उपाशीपोटी जठरात पीएच एक ते तीनच्या घरात, बाहेर पडताच सहाच्या आसपास, लहान आतड्याच्या टोकाला साडेसात. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट फरक; दीडवरून साडेसातवर जाईपर्यंत आम्लता दहा लाख पटींनी उतरते! पुढे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी ती पुन्हा थोडी चढते, कारण तिथले जिवाणू चोथा आंबवून आम्लं तयार करतात. इतका कारखाना आपल्या आत चालतो आणि सोसायटीत त्याची कुणाला कदर नाही, हे लेखकाचं दुःख.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना निळे मफिन खाऊ घातले. निळा रंग खालून दिसेपर्यंत गेलेला मध्यक वेळ 28.7 तास. लेखकाने मफिनऐवजी मक्याचे दाणे घेतले, न चावता.

"अहो, घास घेताना घड्याळ कसलं बघताय?" बायकोने विचारलं. संशोधन म्हटल्यावर तिने कणसाचं ताट उचलून नेलं.

आता थोडं नाक्याविषयी, कारण राहवत नाही. आठ-नऊ मीटरचा अन्नमार्ग, 28.7 तास, म्हणजे अन्नाचा वेग ताशी फूटभर. संध्याकाळी सात वाजता अंधेरी-कुर्ला रोडवर उभी असलेली बेस्टची 332 आणि तिच्या चहूबाजूंनी घुसलेल्या रिक्षा पाहिल्या, की हा वेग मुळीच कमी वाटत नाही. डोक्यावरून 8 जून 2014 पासून मेट्रो धावते, वर्सोवा ते घाटकोपर 11.4 किलोमीटर, एकवीस मिनिटांत. खाली रिक्षावाला तेवढ्यात इंजिन बंद करून तंबाखू मळतो. जठराच्या दाराशी मात्र शिस्त आहे. एक-दोन मिलिमीटरइतका बारीक झालेला घासच पुढे सोडला जातो. गिळलेली कॅप्सूल मोठी, म्हणून तिला थांबवून ठेवतात. जेवण पुढे सरकलं, की उपाशी पोटात दीड-दोन तासांनी येणारी आकुंचनाची लाट तिला बाहेर काढते. नो एंट्रीतून घुसणारा कुणी नाही, हॉर्न नाही, 'अरे भाऊ, जरा पुढे घे ना' नाही. असा एक हवालदार नाक्यावर मिळाला, तर लेखक त्याला रोज स्वतः चहा पाजेल.

निरोगी माणसालाही कधी जळजळ होते. लेखकाला होते ती शेव-गाठी खाल्ल्यावर, आणि मग इनोचा फेसाळ ग्लास हातात घेऊन तो आम्लतेवर व्याख्यान देतो. पण फरसाण म्हटलं की साकीनाक्याचाच खैरानी रोड आठवतो. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे तिथल्या फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि 12 कामगार गेले. दिवसभर कढईपुढे उभं राहायचं आणि रात्री तिथेच आडवं व्हायचं, हे त्यांचं जगणं. शेवेच्या पाकिटावर मीठ किती, तेल किती ते छापतात. तळणारा कुठे झोपतो ते छापत नाहीत. मनात हे आलं की व्याख्यान अर्ध्यावर थांबतं. बायकोला त्याचं नवल वाटतं.

लेखकाचा स्वभाव मात्र फार वेळ गप्प बसायचा नाही. लखनौच्या संजय गांधी संस्थेत डॉ. उदय घोषाल आणि सहकाऱ्यांनी गोळ्यांच्या तपासणीतल्या एक्स-रेच्या वेळा बदलून 36 आणि 60 तासांवर आणल्या, कारण पाश्चात्त्य वेळापत्रकाने थांबलं तर भारतीय पोटातून गोळ्या आधीच निघून गेलेल्या असायच्या. एका तरी वाहतुकीत देश पुढे! या राष्ट्रीय गौरवात भर म्हणून लेखकाने आपला मक्याचा आकडा, 28.7 च्या चांगलाच आतला, लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना ऐकवला.

काकांनी काळजीने खांद्यावर हात ठेवला. "इतक्या लवकर? अहो, डॉक्टरला दाखवून घ्या."