खिंड उघडी, खिडकी बंद

पुण्याहून लंडनला मोटारसायकलवर निघालेल्या माणसाच्या गाडीवर एक वाक्य चिकटवलेलं असतं : ‘सीमा फक्त मनात असतात.’ हे वाक्य साधारण नेपाळ-तिबेट सीमेवरच्या रसुवागढीपर्यंत टिकतं.

तोवर ते खरंही वाटतं, कारण पहिला परदेश नेपाळ. तिथे भारतीयाला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. गाडीचा भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरायचा, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, की झालं आंतरराष्ट्रीय! नेपाळ हा सीमा नसलेल्या जगाचा ट्रेलर आहे, आणि ट्रेलर बघून पिक्चरची तिकिटं काढणाऱ्यांची आपल्याकडे कधीच कमतरता नव्हती.

आता कुणी म्हणेल, लंडनसाठी चीन ओलांडायचा, तर नेपाळचा वळसा कशाला? आपल्या लडाखमध्ये ५,७९८ मीटरवरच्या उमलिंग लावरून डांबरी रस्ता काढलाय. तो उतरला की डेमचोक, आणि समोर तिबेट. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पोचेल इतकं जवळ. पण आपल्याकडे जगातल्या उंचात उंच खिंडींत गाडी नेता येते ती बोर्डासमोर फोटो काढून परत फिरण्यासाठी. दुसरा मार्ग खुंजराब खिंडीचा. ४,६९३ मीटर, पक्का रस्ता, चढ सोसेल असा. अडचण एवढीच, की खुंजराबला पाकिस्तानातून जावं लागतं. म्हणून मग लंडनला, म्हणजे पश्चिमेला, जायचं असलेला माणूस आधी पूर्वेला काठमांडूच्या दिशेने तोंड करून निघतो. निरोप द्यायला आलेली आई म्हणते, “अरे, लंडन तिकडे ना?” तिला भूगोल येतो. परराष्ट्र धोरण येत नाही.

निघण्याआधीचे सहा महिने रायडर डोंगर चढण्याचा सराव करतो असा लोकांचा समज आहे. तो झेरॉक्स काढत असतो. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना येतो. कार्ने नावाचं एक पुस्तक येतं. ते म्हणजे गाडीचा पासपोर्ट, आणि गाडीवाल्याच्या पासपोर्टपेक्षा कितीतरी महाग. ‘मी ही गाडी तुमच्या देशात विकून पळणार नाही’ अशी हमी त्यात असते. हमीमागे बँकेची हमी असते, आणि बँकेच्या हमीमागे वडिलांची मुदतठेव. इराणसारख्या देशात या पुस्तकाशिवाय गाडीचं पाऊल पडत नाही. चीनचे अधिकारी मात्र ते उघडूनही बघत नाहीत. त्यांना आपला आंतरराष्ट्रीय परवानाही मान्य नाही. त्यांचं लायसन्स त्यांचं, नंबरप्लेट त्यांची, आणि सोबतीला गाइडही त्यांचाच. हा गाइड चीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर असतो, आणि त्याचं जेवणखाण, मुक्काम, पगार सगळं स्वातंत्र्याच्या शोधात निघालेल्या माणसाने भरायचं असतं. आमच्या वेळी मुलीला सिनेमाला सोडताना धाकट्या भावाला बरोबर पाठवत, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की त्या भावाचं काम एका आइस्क्रीममध्ये भागायचं.

त्यात काठमांडूहून तिबेटात शिरायचं तर ग्रुप व्हिसा. एका कागदावर सगळ्यांची नावं. आत एकत्र जायचं, बाहेर एकत्र यायचं, आणि रांगेत कागदावरच्या क्रमानेच उभं राहायचं. एकट्याने जग पालथं घालायला निघालेला ‘सोलो रायडर’ तिथे अनुक्रमांक चार म्हणून उभा असतो. तीन नंबरचे गृहस्थ बाथरूमला गेले असतील, तर सोलो थांबतो.

१९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले होते. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा ही त्रयी १९२८ मध्ये फेरी पुरी करून घरी परतली. बलुचिस्तानचं वाळवंट ओलांडून ते इराणात उतरले, म्हणजे मुंबई सोडल्यावर त्यांची पहिली सीमा तिथे लागली. आज सायकलीला इंजिन लागलं, आणि पहिली सीमा अटारीला आली. ती सध्या बंद आहे. प्रगती म्हणतात ती हीच.

असो, रसुवागढी. उंची जेमतेम अठराशे मीटर, म्हणजे डोंगर अजून सुरूसुद्धा झालेला नाही. पलीकडे चीनची भव्य काचेची इमारत, मध्ये भोटेकोशी नदी. त्या नदीवरचा मितेरी पूल ८ जुलै २०२५ च्या पुराने वाहून नेला. त्याआधी तिबेटात जाणारा दुसरा, तातोपानीचा रस्ता २०१५ च्या भूकंपाने बंद पाडला होता. पण निसर्ग अधूनमधून अडवतो. कार्यालय रोज अडवतं, सुट्टीचा दिवस सोडून, कारण त्या दिवशी ते बंद असतं.

पलीकडे पाऊल टाकलं की घड्याळ सव्वादोन तास पुढे जातं आणि गाडी डावीकडून उजवीकडे. मग सगळं सामान सोडायचं. इतक्या कौशल्याने बांधलेल्या पॅनियरमधून चकलीचा डबा, पंक्चर किट, थर्मल, मेतकूट असं एकेक बाहेर येतं आणि क्ष-किरणांखालून जातं. मेतकुटावर दोन अधिकाऱ्यांची चर्चा होते. पुस्तकं चाळली जातात. दलाई लामांचा फोटो एखाद्या प्रवासवर्णनात निघाला, तर पुस्तक तिथेच राहतं. नकाशेही बारकाईने बघतात. सीमा मनात असतात असं मानणाऱ्याने नकाशा आपला नेला असेल, तर त्याला तिथे समजावून सांगितलं जातं की त्या नेमक्या कुठे असतात.

एवढं झाल्यावर डोंगर येतो. खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सीमेपासून दीडशे किलोमीटरच्या आत रस्ता पाच हजार दोनशे मीटरच्या वर नेतो. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, गाडीची ताकद उतरते, माणसाचं डोकं ठणकतं. पण डोंगर कागद मागत नाही आणि उद्या या म्हणत नाही. खिंडीत रायडर हेल्मेट काढतो, पताकांसमोर उभा राहतो आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, “इथे फक्त मी आणि माझी गाडी.” फ्रेमबाहेर गाइड घड्याळ दाखवत असतो. पुढे पेट्रोलपंपावर मोटारसायकल पंपाला लावू देत नाहीत. पेट्रोल आधी किटलीत घ्यायचं आणि लांब नेऊन टाकीत ओतायचं. ‘माणूस विरुद्ध निसर्ग’ या महाकाव्याचा नायक हातात किटली घेऊन दिवसातून दोनदा असा चालताना दिसतो.

पण सगळ्यात रम्य प्रकार आहे तो पार दुसऱ्या टोकाला, शिनजियांगमध्ये. किर्गिझस्तानात उतरायची इर्केश्तामची सीमा. तिथलं चिनी कस्टम सीमेच्या अलीकडे सुमारे १४० किलोमीटरवर आहे. तिथे पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसतो. म्हणजे कागदोपत्री तुम्ही चीन सोडलात, आणि पुढचे १४० किलोमीटर चीनमध्येच गाडी चालवताय. कुठल्याच देशात नसण्याचं जे स्वप्न विंडशील्डवर चिकटवलं होतं ते इथे पुरं होतं, आणि रायडरला त्याचं एकच वाटतं : गाडी बंद पडू नये.

धावतपळत सीमेवर पोचावं, तर जेवणाची सुट्टी. बीजिंगच्या वेळेची की स्थानिक, यावर रांगेत मतभेद. दोन्ही घड्याळांत दोन तासांचा फरक, म्हणून एकाच्या सुट्टीतून उठून दुसऱ्याच्या सुट्टीत बसल्यासारखं वाटतं. जर्मन रायडर चिडतो, फ्रेंच हातवारे करतो. पुणेकर तेवढा शांत. दुपारी दुकान उघडं असतं हीच त्याला अंधश्रद्धा वाटते. सुट्टीच्या दिवशी सीमाही बंद असते हे कळल्यावर तर त्याला तिथल्या व्यवस्थेबद्दल आदरच वाटू लागतो.

किर्गिझ अधिकारी शिक्का मारतो आणि बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारतो. खुणांनी विचारतो : केवढ्याला पडली? ॲव्हरेज काय देते? आता सीमेवर शूटिंगला बंदी, त्यामुळे हा प्रेमळ माणूस व्हिडिओत नाही, तीन नंबरचे गृहस्थ नाहीत, किटलीही नाही. व्हिडिओत खिंड आहे, ड्रोन आहे आणि ‘सीमा फक्त मनात असतात’ आहे.

परतल्यावर कोथरूडच्या एखाद्या सभागृहात ‘शून्यापलीकडे’ वगैरे नावाचं व्याख्यान होतं. दीड तास मोकळं आकाश, मुक्त रस्ता, स्वतःचा शोध. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. मागच्या रांगेतून एक आजोबा उठतात. “स्वतःचा शोध उत्तम लागलाय. त्या कार्नेवाल्या एजंटचा नंबर देता का?” अख्खं सभागृह पेन काढतं.