कोण कोणासाठी किती थांबणार

सर्व्हर एकटा असतो तोवर मोठा गुणी असतो. पुढे एनजिनएक्स, मध्ये टॉमकॅट, मागे पोस्टग्रेस अशी तिघांची रांग लावली की कटकटी सुरू होतात आणि चौकशीअंती निघतं काय, तर तिघांपैकी कोणाचंच काही चुकलेलं नसतं. आपापल्या मॅन्युअलमध्ये प्रत्येकजण बरोबरच असतो. वाद एकाच गोष्टीवरून असतो: कोणी कोणासाठी किती वेळ थांबायचं.

हैदराबादेत तारनाक्याला राहून सर्व्हर सांभाळणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. दिवाळीच्या आधी देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढताना थांबण्याचं शास्त्र त्याचं आपोआप शिकून होतं. शिवाय तारनाक्याहून मेट्रोने निघालं की मेट्टुगुडा आणि पुढचं स्टेशन सिकंदराबाद ईस्ट. त्याच सिकंदराबादेत 1994 साली रेल्वेची ‘कॉन्सर्ट’ ही आरक्षणप्रणाली देशात पहिल्यांदा सुरू झाली. मग दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई अशी केंद्रं येत गेली आणि 1999 मध्ये पाचही एकमेकांना जोडली गेली. खिडकीवरचं टर्मिनल पुढे, जागांचा हिशेब ठेवणारे सर्व्हर मागे आणि दोघांच्या मध्ये डिजिटल कंपनीचं ‘रिलायबल ट्रॅन्झॅक्शन राउटर’ नावाचं सॉफ्टवेअर, अशी ती रचना. मधल्याचं काम एवढंच, की व्यवहार पुरा तरी व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये. अर्धं तिकीट कोणाच्या हाती पडू नये. (लहान मुलांचं सोडून.)

आता आपल्याकडे बघा. टॉमकॅट न सांगताच 200 थ्रेड घेऊन बसतो. असे चार टॉमकॅट लावले की 800 जण पोस्टग्रेसच्या दारात. पोस्टग्रेसची मूळ क्षमता 100 जोडण्यांची. त्यातल्याही 3 त्याने सुपरयूझरसाठी बाजूला काढून ठेवलेल्या. हा चक्क इमर्जन्सी कोटा. मला पूर्वी याचा राग यायचा. पण डबा खच्चून भरलेला असताना तो का भरला हे बघायला कोणीतरी आत शिरू शकला पाहिजे, आणि मध्यरात्री तो कोणीतरी आपणच असतो, हे लक्षात आल्यापासून मी व्हीआयपी कोट्याचा पुरस्कर्ता झालो आहे.

मग हुशार माणूस मध्ये, थोड्या जोडण्या अनेकांत वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवतो. हे म्हणजे आरएसी: बर्थ एक, बसणारे दोघं, आणि दोघंही एकाच वेळी आडवे व्हायला मागत नाहीत तोवर प्रवास सुखाचा.

खरी मेख मात्र मुदतींमध्ये आहे. एनजिनएक्स मागच्याच्या उत्तरासाठी 60 सेकंद वाट बघतो आणि 504 लिहून हात झटकतो. मागे पोस्टग्रेसमध्ये ‘स्टेटमेंट टाइमआउट’ मुळात शून्य असतो, आणि इथे शून्याचा अर्थ आहे अमर्याद. गिऱ्हाईक कधीच निघून गेलेलं आहे, पण माजघरात अजून स्वयंपाक चाललाय. तेवढ्यात तेच गिऱ्हाईक परत येऊन रिफ्रेश दाबतं आणि तोच स्वयंपाक दुसऱ्या चुलीवर चढतो. तीन-चार वेळा दाबलं की सर्व्हर दमतो, आणि आपण वरिष्ठांना सांगतो की ट्रॅफिक वाढलं. वाढलेलं काही नसतं. तोच एक माणूस वैतागलेला असतो. नियम साधा आहे: आतला आधी थकला पाहिजे, बाहेरचा नंतर. प्रश्नाला 20 सेकंद दिलेत तर ॲप्लिकेशनला 30 द्या आणि दारावरच्याला 60.

मायएसक्यूएलचा स्वभाव आणखी निराळा. कोणी बोललं नाही की 28,800 सेकंदांनी तो जोडणी तोडतो. भागून पाहिलंत तर बरोबर आठ तास, शिफ्ट संपली. पलीकडच्या ॲप्लिकेशनला याचा पत्ताच नसतो. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात येणाऱ्या, सहसा सर्वांत प्रामाणिक अशा माणसाला एरर येते. त्यानंतर आलेल्यांचं सगळं व्यवस्थित चालतं. त्यामुळे त्या पहिल्याच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तोही बिचारा हळूहळू उशिरा यायला लागतो.

रेल्वेच्या रांगेचं मला यासाठीच कौतुक आहे. ती माणसाला ताटकळवते, पण अंधारात ठेवत नाही. वेटिंग 14 म्हणजे 14. यादीही बेमुदत वाढत नाही. मर्यादा भरली की ‘रिग्रेट’ दाखवून खिडकी मोकळी होते. चार्ट लागला आणि सगळेच वेटिंगवर राहिले, तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत निघतात. टॉमकॅटमध्येही ही सोय आहे: ‘ॲक्सेप्ट काउंट’, मूळ आकडा 100. रांग लांबली की आपण तो हजार करतो आणि काम फत्ते झाल्याच्या आनंदात चहाला जातो. काम अजिबात झालेलं नसतं. नकार लांबलेला असतो, इतकंच. पडद्यावर फिरत राहणाऱ्या चक्रापेक्षा ‘जागा नाही’ अशी पाटी कितीतरी सभ्य.

आणि हे आकडे कोणी ठरवलेले असतात? कधीच्या काळी, कुठल्यातरी रात्री, कोणीतरी. एका फाइलमध्ये मला 47 असा आकडा सापडला होता. शेजारी टिप्पणी: ‘बदलू नये’. 45 नाही, 50 नाही, 47. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. मी तो आकडा बदलला नाही. माझ्यानंतर आलेलाही बदलणार नाही. हळूहळू त्याला शेंदूर लागेल.

तेव्हा आज घरी जाण्याआधी एकदा पोस्टग्रेसमधला तो टाइमआउट उघडून पाहा. शून्य दिसलं तर आकडा घाला. सरसकट सगळ्यांना नको, ॲप्लिकेशनच्या यूझरपुरता. आणि शेजारी तो का घातला तेही लिहा.