फुकटची हवा

गाडी कुरकुरायला लागली की मराठी माणसाचा पहिला संशय पेट्रोलवर. "कुठल्या पंपावर भरलंस?" हा प्रश्न सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास येतो. दुसरा सल्ला कार्बोरेटर साफ करून घेण्याचा. तो देणाऱ्या काकांची पद्मिनी विकून जमाना झाला, समोरच्या गाडीत कार्बोरेटर औषधालाही नाही, पण सल्ला ठणठणीत आहे. हवेवर मात्र कोणी संशय घेत नाही. ती फुकट मिळते ना!

खरं तर इंजिन खातं ते मुख्यतः हवाच. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे सुमारे 9000 लिटर हवा. आपण पंपावर आकडा बघत उभे राहतो तो त्या एका लिटरचा. बाकीच्या नऊ हजारांची अजून कोणाला आठवण झालेली नाही म्हणून बरं, नाहीतर त्यांच्यावरही एखादा अधिभार बसला असता.

ही हवा फिल्टरमधून गाळून येते, थ्रॉटलच्या झडपेतून आत शिरते आणि इनटेक मॅनिफोल्ड नावाच्या नळ्यांच्या जुडग्यातून एकेका सिलिंडरच्या दाराशी पोचते. पूर्वी मॅनिफोल्ड ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं असायचं, आता बऱ्याच गाड्यांत काळ्या प्लॅस्टिकचं असतं. एवढे लाख मोजून आत प्लॅस्टिक, म्हणून हळहळू नका. ते हलकं असतं, आतून गुळगुळीत असतं आणि इंजिनाची उष्णता हवेला कमी लागू देतं.

पेट्रोल गाडीत एक्सलेटर दाबला की पेट्रोल सुटतं, असं आपण धरून चालतो. उघडते ती हवेची झडप. पेट्रोल मागून येतं. सिग्नलला पाय काढला की ती झडप जवळजवळ मिटते, पण पिस्टन हवा ओढायचा थोडाच थांबतो? त्या ओढीनं मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. अशा वेळी कुठे बारीक चीर असली, गॅस्केट कडक झालं असलं, की बाहेरची हवा तिथून घुसलीच. मेकॅनिकच्या भाषेत, "एअर घेतंय."

लग्नात कॅटररचा माणूस पुढच्या दारात पाहुणे मोजतो आणि त्या हिशेबानं आमटी होते. मागच्या दारानं वीस जण शिरले की आमटी पुरत नाही. पुढच्या दारात हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत हेच होतं. पेट्रोल कमी पडतं, इंजिन थरथरतं. काही गाड्यांत मोजणी मॅनिफोल्डमधल्या दाबावरून होते. तिथे हे आगंतुकही मोजले जातात, पेट्रोल वाढतं आणि उभ्या उभ्याच गाडीची रेस चढते.

यातली खरी गंमत अशी, की हा आजार उभ्या गाडीचा. वेग घेतला, झडप उघडली, की आत इतकी हवा येते की चोरट्या हवेला कोणी विचारत नाही. मग गॅरेजवाला एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "काय नाय हो, मस्त चालतीय." मालक कानकोंडा होतो. स्कॅनर लावला तर तो ऑक्सिजन सेन्सरच्या हवाल्यानं सांगतो, मिश्रणात पेट्रोल कमी आहे. आणि हे सांगितल्याबद्दल बक्षीस काय, तर ऑक्सिजन सेन्सरच बदलतात! बिचारा खरं बोलत होता.

चांगला मेकॅनिक आधी ऐकतो. रबरी पाइपाच्या हातभर तुकड्याचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक सांध्यासांध्यावर फिरवतो. कुठेतरी बारीक सूं ऐकू येतं. इंजिनातली तेलकट वाफ परत मॅनिफोल्डकडे नेणारी नळी बहुतेकदा सापडते: तेलानं फुगलेली, मऊ पडलेली आणि वळणाच्या पोटाशी फाटलेली. वरून पाहिलं तर धडधाकट. बोटानं वाकवल्यावर चीर तोंड उघडते. ब्रेक बूस्टरची नळीही पाहायला हवी, कारण पेट्रोल गाड्यांत ब्रेकला जोर बहुधा या मॅनिफोल्डच्याच ओढीतून मिळतो. सूं आवाज आणि जड झालेलं ब्रेक पेडल एकत्र आले तर गाडी त्याच दिवशी दाखवा. चालू इंजिनावर क्लीनरचा फवारा मारून चीर शोधणारे बहाद्दरही असतात. तो पेट घेतो. धूर सोडून तपासणारं यंत्र असताना हा दिवाळीचा कार्यक्रम कशाला?

तेव्हा उभी गाडी थरथरू लागली, तर प्लग, कॉइल, इंजेक्टर अशी यादी हातात पडण्याआधी मेकॅनिकला एवढंच सांगा: "दादा, आधी नळ्या बघा."